उबेची सावली

पालघर जिल्ह्यात हीटरचा नाद धरणं म्हणजे मुरब्याच्या बंदरावर मासे विकायला नेण्यासारखं, असं वामन तांडेल स्वतःच म्हणायचे आणि म्हणून झाल्यावर स्वतःच हसायचे. थंडी पडून पडून पडणार ती किती? नाताळापासून संक्रांतीपर्यंत पहाटे आणि तिन्हीसांजेला अंगावर जरा काटा आला की त्यांच्या सालवड गावची मंडळी माकडटोप्या शोधून काढत, आणि उन्हं वर आली की त्याच टोप्या खिशात कोंबून कंपनीच्या बसकडे पळत. अशा मुलखात या गृहस्थांच्या पुढच्या खोलीत फळीवर अकरा हीटर मांडून ठेवलेले होते, आणि त्यांतला एकही विकायचा नव्हता.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचं वाइंडिंग करण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. जन्मभर तांब्याची तार गुंडाळलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरं काय सुचणार? भंगाराच्या दुकानांतून, जव्हारकडच्या बंद पडलेल्या बंगल्यांतून, कोंबड्यांची पिल्लं वाढवणाऱ्या शेडवाल्यांकडून ते जुनेपाने हीटर उचलून आणत, गंज खरवडत, जळालेली कॉइल काढून नवी भरत, आणि पेटवून समोर तासभर बसत. शेजारी विचारत, "तांडेलकाका, घाम पुसायला पंखा आणू का?" ते हे मनावर घेत नसत, कारण विचारणाऱ्यांच्या घरचे पंखेही शेवटी त्यांच्याकडेच दुरुस्तीला यायचे.

सगळ्यांत लाडका हीटर होता तो वाडग्याचा. परातीएवढा तांब्याचा वाडगा, मधोमध चिनीमातीचा सुळका, त्याच्याभोवती कॉइल आणि पुढे तारेची जाळी. तारापूरला मोठा प्रकल्प उभा राहत होता तेव्हा कुण्या परदेशी साहेबाने तो मागे टाकला, असं भंगारवाला शपथेवर सांगे, आणि भंगारवाल्याच्या शपथेवर जेवढा विश्वास ठेवायचा तेवढा वामनरावांनी ठेवला होता. मात्र हीटर होता एकशे दहा व्होल्टचा, आपल्या प्लगला लावला असता तर डोळ्यांदेखत जळून गेला असता. वामनरावांनी त्याची कॉइल नव्याने भरली आणि ती मुद्दाम चारशे वॅटचीच भरली. दोन हजार वॅटच्या नव्या हीटरांची त्यांना चीड होती. खोली तापवून काय करायचंय, असा त्यांचा सवाल असे, खोलीला थोडीच थंडी वाजते? माणूस तापवावा, आणि त्याला चारशे वॅट पुष्कळ झाले.

या वाडग्याची ऊब उजेडासारखी सरळ जाते, हे त्यांना फार आवडे. समोर काही आलं की ती तिथेच अडते आणि मागच्या भिंतीवर त्या वस्तूची सावली पडते. ही सावली डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. हीटर भरून झाला की वामनराव समोर एक स्टूल ठेवत, अर्ध्या तासाने मागच्या भिंतीवर उलटा हात फिरवत, आणि स्टुलामागची भिंत गार, आजूबाजूची कोमट लागली की कॉइल नीट बसली असं समजत. कंपनीत मोटारीचं बेअरिंग तापलंय का हेसुद्धा ते तळहाताने नव्हे, उलट्या हातानेच बघत. एकतीस वर्षांत त्या हाताने त्यांना एकदाही फसवलं नव्हतं.

त्यांची बायको दमयंती मुरब्याची, मासळी सुकवणाऱ्या घरातली. भर उन्हात बोंबलांच्या वलाणींखाली, मासळी वाळत घालायच्या दोऱ्यांखाली वाढलेली ही बाई, जन्मात तिने स्वेटर घातला नव्हता, आणि नवऱ्याच्या फळीकडे बघून ती गेली दहा वर्षं एकच वाक्य बोलत आली होती, "हे सगलं मी मेल्यावर पेटवा." नोव्हेंबरात तिच्या पित्ताशयातले खडे काढावे लागले. पालघरला ऑपरेशन झालं, नीट पार पडलं, आठव्या दिवशी ती घरी आली, आणि तेव्हापासून तिला थंडी वाजायला लागली.

ताप नव्हता. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सगळे आकडे जागच्या जागी होते. पण दुपारच्या उन्हातही ती दोन गोधड्या घेऊन खाटेवर पडून राही, आणि तिचा हात हातात घेतला तर माठाला हात लावल्यासारखं वाटे. जेवण दोन घासांवर आलं, गालफडं बसली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाई स्वभावाने धीर देणाऱ्या, पण दुसऱ्या खेपेला त्यांनी वामनरावांना बाजूला घेतलं. अंगात ऊब धरली नाही आणि वजन असंच उतरत गेलं, तर महिन्याभरात हे शरीर टिकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस वामनरावांना थोडा आनंदच झाला होता. दहा वर्षांच्या चेष्टेनंतर हीटरला घरातच गिऱ्हाईक मिळालं होतं. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यानंतर मात्र तो आनंद आठवूनही त्यांना स्वतःची लाज वाटू लागली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी वाडगा खाटेपासून तीन हातांवर ठेवला. दमयंती शाल पांघरून खाटेच्या काठावर पाय खाली सोडून बसली. तिच्या पाठीमागे वीतभर जागा, आणि मग भिंत. कॉइल लाल झाली, वाडगा झळाळला, दमयंतीच्या तोंडावर तांबूस उजेड पडला. अर्धा तास गेला.

"लागतंय का?" वामनरावांनी विचारलं.

"दिसतंय."

"दिसतंय म्हणजे?"

"लाल दिसतंय. अंगाला काय लागत नाय."

वामनरावांनी सवयीप्रमाणे खाटेमागे हात घालून भिंतीला उलटा हात लावला. तिच्या डाव्या बाजूला भिंत कोमट होती. उजव्या बाजूला कोमट होती. आणि बरोबर तिच्या पाठीमागे, जिथे हाताला गार लागायला हवं होतं, तिथेही ती तितकीच कोमट होती.

त्यांनी हात काढला, धोतराला पुसला आणि पुन्हा लावला. ऊब दमयंतीपाशी अडतच नव्हती. समोर कोणी बसलेलंच नसावं, तशी ती सरळ भिंतीपर्यंत जात होती.

वामनराव घाबरणाऱ्यांतले नव्हते, आणि मोटार बिघडली की आधी वायर बघायची, मग मोटार, ही त्यांची शिस्त होती. वाडग्याला कुठे पोचा आला असेल, ऊब फाकत असेल, भिंतीतून गरम पाण्याचा नळ गेला असेल. नळ गेलेला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं, कारण घर त्यांनीच बांधून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंती आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी धुणंभांडी करायला येणाऱ्या ठमीला खाटेवर बसवलं. ठमी विक्रमगडकडची, डोंगरातली. भात कापून झालं की सालवडला येऊन राहायची आणि चार घरची कामं करायची. फुकट शेकायला मिळतंय म्हणून ती खुशीत बसली. अर्ध्या तासाने तिच्या मागची भिंत गारढोण होती, खांद्यांची गोलाईसुद्धा हाताला कळत होती. मग ते स्वतः बसले, आणि ठमीला हात लावून बघायला सांगितलं. तिथेही गार. म्हणजे वाडग्यात दोष नव्हता.

दमयंतीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सांगून करणार काय? अगं, तुझी सावली पडत नाही, असं आजारी बाईला सांगायचं? त्यांनी फळीवरचे बाकीचे हीटर एकेक करून पेटवून पाहिले. प्रत्येकाची ऊब तिच्यातून आरपार गेली, आणि ती रोज थोडी थोडी बारीक होत राहिली. एका सकाळी तिने त्यांचा हात स्वतःच्या गालावर धरून ठेवला आणि म्हणाली, "अवं, मला घरी आणलं, पन सगली आणली नाय वाटतं तुमी." हे ती हसत म्हणाली. वामनरावांना हसू आलं नाही.

पुढचं जे झालं ते त्यांच्या शिस्तीतूनच झालं. दोष कुठे आहे ते कळत नसेल तर सगळीकडे बघायचं. त्यांनी वाडगा खोलीच्या मध्यावर घेतला आणि रोज सकाळी एकेका भिंतीकडे तोंड करून अर्धा तास पेटवू लागले. पहिल्या दिवशी रस्त्याकडची भिंत सगळीकडे सारखी तापली. दुसऱ्या दिवशी देवाच्या फोटोंची भिंत, तीही सारखी तापली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत राहिली होती. तिथे दमयंतीची वेताची खुर्ची होती. ऑपरेशनच्या आधी ती याच खुर्चीत बसून भाजी निवडायची, फोनवर मुलीशी बोलायची, दुपारी डुलकी काढायची. आल्यापासून ती खाटेवरच होती, तेव्हा खुर्ची महिनाभर रिकामी होती. खुर्चीची पाठ जाळीदार, तिच्यातून ऊब चाळणीतून पिठासारखी पलीकडे जायला हवी होती.

वामनरावांनी हात लावला. खुर्चीमागची भिंत गार होती.

बराच वेळ त्यांनी हात फिरवला. मग वाइंडिंगच्या डब्यातला खडू घेतला आणि कोमट भिंत जिथे संपते आणि गार सुरू होते तिथे तिथे रेघ ओढत गेले. रेघ खुर्चीच्या हाताशी सुरू झाली, वर चढली, खांद्याशी वळली, मानेपाशी आत गेली, पुन्हा बाहेर येऊन गोल झाली. त्या गोलाला मागच्या बाजूला एक लहान गोल जोडलेला निघाला, अंबाड्याएवढा. डोकं जरा डावीकडे कललेलं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारात दमयंतीला डुलकी लागली की तिचं डोकं डावीकडेच कलतं, हे वामनरावांइतकं कोणाला माहीत असणार?

भीती वाटली नाही असं नाही. वाटली, आणि त्यांनी रेघेवरून पुन्हा एकदा हात फिरवला. ठमी फडकं घेऊन आतून आली, तिने खडूची रेघ पाहिली, वामनरावांकडे पाहिलं, आणि खुर्चीपुढून पुढच्या दाराकडे गेली. जाताना मात्र तिने पदर आवरला, वाकली आणि अंग चोरून गेली, मोठ्या माणसांपुढून जातात तशी. संध्याकाळी तिने गावी काम निघाल्याचं सांगितलं. "मना जायलाच होवं, काका," एवढंच ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

त्या दिवशी वामनरावांनी वाडगा खुर्चीसमोरून हलवला नाही. तो पेटलेला ठेवून ते खाली बसून राहिले. तासाभराने खाटेवरून दमयंतीचा आवाज आला. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती, हीटर कुठे आहे हे तिला दिसत नव्हतं.

"आता कसं," ती म्हणाली, "आता पार पाठीपर्यंत गेली ऊब. आदी का नाय लावला असा?"

तिने एक गोधडी पायाने खाली ढकलली. दुपारी ती अर्धी भाकरी जेवली, तिला बोंबलाची चटणी हवी झाली. चार दिवस वामनरावांनी वाडगा तिथेच ठेवला, आणि चार दिवसांत दमयंती उठून परसात जायला लागली, कपाळाला टिकली लावायला लागली, ठमी आली नाही म्हणून तिच्या नावाने कुरकुरायला लागली. वामनरावांच्या मनात प्रश्न नव्हते असं नाही, पण भुकेल्या माणसाने भात कोणी रांधला ते विचारत बसू नये, असं त्यांनी स्वतःला समजावलं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. दमयंती खोलीत कुठेही गेली तरी खुर्चीकडे बघत नव्हती, आणि तिच्यात बसायचं तर तिला सुचतही नव्हतं.

रविवारी त्यांची मुलगी हिमानी सफाळ्याहून आली. सासरी ती शाळेत शिकवते, आणि घरातही सगळ्यांना दुसरीच्या वर्गातले समजते. दारात चपला काढता काढता तिने काय पाहिलं, तर आई कोपऱ्यात खाटेवर, आणि लालबुंद हीटर रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून पेटलेला, आणि मागे भिंतीवर खडूने बाईचं चित्र.

"बाबा, हे काय चाललंय?"

"तिला बरं वाटतंय," वामनराव म्हणाले.

"कुनाला? खुर्चीला?"

तिने वाडगा उचलला आणि आईच्या तोंडासमोर आणून ठेवला. वामनराव "नको" म्हणाले. त्यांनी हिमानीचा हात धरून खुर्चीमागच्या गार भिंतीला लावला. ती म्हणाली, ओल असेल, सिमेंट जुनं झालंय. त्यांनी तिला आईच्या मागची भिंत दाखवली. ती म्हणाली, दिवसभर हीटर लावल्यावर भिंत तापणारच. तेवढ्यात दमयंतीचे दात वाजू लागले. दहा मिनिटांत तिचे ओठ निळे पडले, आणि हिमानीने तिला मिठीत घेऊन, पाठ चोळत, बापाकडे ज्या नजरेने पाहिलं ती वामनरावांना जन्मभर विसरता येणार नाही.

"आई इथं थंडीनं मरतेय आन् तुमी भिंतीवर चित्रं काढताय," ती म्हणाली. "मी तिला घेऊन जाते. तुमचंबी डोकं दाखवायला पायजे कुनाला तरी."

तिचा नवरा सुजीत गाडी घेऊन आला. दमयंतीला तीन गोधड्यांत गुंडाळून मागच्या सीटवर निजवलं. वामनराव गाडीशी उभे राहिले. तिने हात बाहेर काढला, तो बर्फासारखा होता. "लवकर न्यायला या," ती म्हणाली. त्यांनी तो हात पुन्हा गोधडीत सारला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते उभे होते, आणि मग आत येऊन त्यांनी वाडग्याचा प्लग काढला. घरात आता कोणी नव्हतं, पेटवायचा कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमानीचा फोन आला. तिच्या आवाजातली मास्तरीण गेली होती. आई रात्रभर कुडकुडतेय, पाय लाकडासारखे झालेत, बोलायला जीभ वळत नाही, सुजीत अँब्युलन्स बघतोय. वामनराव फोन कानाला लावूनच खुर्चीपाशी गेले, वाडगा जागेवर ठेवला, प्लग लावला. "अर्धा तास थांब," ते म्हणाले. "गरम पाणी देत राहा आन् अर्धा तास थांब." पंचवीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. आई उठून बसली होती, चहा मागत होती. हिमानी रडत होती आणि हसत होती. "गरम पाण्यानंच आराम पडला बगा," ती म्हणाली.

पारख करायची म्हणून त्यांनी पुन्हा प्लग काढून पाहिला नाही. कोणी काढला असता?

तिथून पुढचे सहा आठवडे वामनराव घराबाहेर पडले नाहीत. दूधवाला दूध ओट्यावर ठेवी, भाजी शेजारची समिधा आणून देई. वाडगा सकाळ-संध्याकाळ, दिवस-रात्र पेटलेला असे. त्यांनी तशाच मापाच्या तीन कॉइल भरून ठेवल्या, आणि एक जळाली तर फळीवरचा दुसरा हीटर मिनिटाच्या आत तिच्या जागी लागेल अशी वायर ओढून ठेवली. लाईट गेली तर परसातली जुनी लोखंडी शेगडी होती, कोळसा होता. एकदा दुपारी लाईट गेली तेव्हा घाईत त्यांनी शेगडी खुर्चीला अगदी खेटून ठेवली, आणि थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा, आईच्या नडगीवर लाल चट्टा उठलाय," हिमानी म्हणाली. "भाजल्यासारका. इथं तर चूलबी नाय पेटलेली. ती म्हणते, बाबांना सांग, जरा लांब ठेवा."

"काय लांब ठेवा?"

"मला काय ठाव? विचारलं तर म्हणाली, त्यांना कलेल."

वामनरावांनी शेगडी वीतभर मागे ओढली.

एकटेपणाने त्यांना त्रास दिला नाही असं म्हणता येणार नाही, पण घर रिकामंही वाटेना. जेवायला बसले की ते खुर्चीकडे तोंड करून बसत. बातम्या लावल्या की आवाज कमी ठेवत. मधूनच भिंतीला उलटा हात लावून रेघ बघत. डोकं डावीकडेच होतं, खांदे मात्र आता पूर्वीसारखे आवळलेले नव्हते, सैल पडले होते. सफाळ्याच्या बातम्या रोज चांगल्या येत. आईने चार भाकऱ्या थापल्या. आईचं वजन वाढलं. आई संक्रांतीला हळदीकुंकवाला चार घरी जाऊन आली, बिनस्वेटरची. फोनवर दमयंतीचा आवाज एखाद्या चाळिशीतल्या बाईसारखा खणखणीत येई, आणि तो ऐकून वामनरावांच्या डोळ्यांत पाणी येई. तिला परत आणायची, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. ती बरी झाली, ऊब धरली, आता तिने आपल्या घरी यावं, आपल्या जागी बसावं, आणि फळीवरच्या हीटरांना नावं ठेवावीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर वारं फिरलं, दुपारी अंगाला चटका बसू लागला, आणि एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला सुजीतची गाडी दारात आली. दमयंती कोणाचा हात न धरता उतरली. अंगाने भरली होती, गालांवर तकाकी आली होती, नवीन हिरव्या बांगड्या मनगटावर घट्ट बसल्या होत्या. हिमानी आणि सुजीत सामान काढायला मागे राहिले. वामनरावांनी सकाळपासून खोली झाडली होती, ओल्या फडक्याने भिंतीवरचा खडू पुसला होता. ती दारात दिसली मात्र, ते इतके हरखले की काय करू नि काय नको असं त्यांना झालं.

"ये, ये," ते म्हणाले. "बस तुझ्या जागेवर. हा बंद करतो आता, उन्हाळा आला." आणि खुर्ची पुढे ओढायला ते वाकले.

दमयंतीने उंबऱ्यातून दोन पावलं आत येऊन त्यांचं मनगट धरलं. तिचा हात चांगला ऊन होता.

"ऱ्हाऊ द्या," ती हलक्या आवाजात म्हणाली. तिची नजर खुर्चीवर होती, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती, आजाऱ्याच्या खोलीत आल्यावर माणसं जपून वागतात तेवढंच होतं. "उठवू नका तिला. आता कुठं डोला लागलाय."

मग पायांतल्या जोडव्यांचा आवाज होणार नाही अशा बेताने ती मागे सरली, आणि परक्या घरी आलेल्या बाईसारखी बाहेर ओट्यावर जाऊन बसली.